कूलर, उंट आणि पाच वर्षांचा व्हिसा

कूलरमध्ये पाणी भरताना बाबा स्टुलावरून पडले, हे मला नऊ दिवसांनी कळलं. तेही चुकून. व्हिडिओ कॉल चालू असताना आईने फोन फळीवर टेकवून ठेवला आणि गॅस बंद करायला आत गेली. तेवढ्यात मागून बाबा आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. फोन चालू आहे हे लक्षात आल्यावर ते आले तसेच मागे सरकले.

त्या नऊ दिवसांत आम्ही रोज बोलत होतो. रोज मला छताचा पंखा दिसायचा आणि मी म्हणायचे, आईला अजून फोन नीट धरता येत नाही.

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय केलं असतं तू? तिथून प्लास्टर घालणार होती का?"

मी तेव्हा उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरात होते. एप्रिल २०२५. तिथून नागपूरला यायचं तर आधी बँकॉक, मग कोलकाता, मग नागपूर, अशी तीन विमानं. आईचं गणित बरोबर होतं आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

मी एका डच कंपनीसाठी काम करते. त्यांचं ऑफिस मी एकदाही पाहिलेलं नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि दुपारनंतरची शिफ्ट एवढंच माझं ऑफिस. जुलै २०२४मध्ये थायलंडने माझ्यासारख्यांसाठी 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' सुरू केला. मुदत पाच वर्षं, एका प्रवेशावर १८० दिवस राहायची मुभा. काम परदेशी कंपनीचंच हवं, थायलंडमधली नोकरी धरायची नाही. आणि खात्यात पाच लाख बाट दाखवायचे, म्हणजे तेव्हाच्या भावाने बारा लाख रुपयांच्या आसपास. माझी बचत, एक मोडलेली एफडी आणि 'असू दे, परत देशील' म्हणून बाबांनी टाकलेले तीन लाख, असं करून तो आकडा जमला. ज्या पैशांवर मी त्यांच्यापासून लांब गेले, त्यातले तीन लाख त्यांचेच होते.

अशा लोकांना जगभर 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. आईने अर्थ विचारला. मी म्हटलं, डिजिटल भटके. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग तहसीलमधून सर्टिफिकेट काढून घे. भटक्या-विमुक्तांत येशील."

तेव्हा मी हसले. पण तो शब्द डोक्यात राहिला, कारण भटके मी लहानपणी जवळून पाहिलेत. बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. पुलगावला बदली असताना पावसाळा संपला की गावाबाहेर रबारी मेंढपाळांचे डेरे पडायचे. ही माणसं मूळ कच्छची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या घेऊन विदर्भात फिरणारी. कापूस निघालेल्या शेतात शेतकरी त्यांच्या मेंढ्या बसवून घ्यायचे. रानाला लेंडीखत मिळायचं, मेंढ्यांना चारा. डेरा हलायचा त्या दिवशी आम्ही शाळेत जायच्या आधी पळत बघायला जायचो. उंटावर उलटी बांधलेली खाट, त्या खाटेत गोधड्या, भांडी, कोकरं आणि मधोमध एखादं तान्हं पोर. चालणं न जमणारी म्हातारीसुद्धा उंटावरच. मागे कोणीच राहायचं नाही.

आमचंही थोडंफार तसंच होतं. आमला, वर्धा, पुलगाव, जिथे बदली होईल तिथे एका ट्रकमध्ये सगळं घर यायचं. कपाट, कूलर, तुळशीची कुंडी. आणि ड्रायव्हरशेजारी आजी. ट्रकमध्ये आपल्याला मळमळतं म्हणून ती प्रत्येक बदलीला कुरकुर करायची, पण तिला मागे ठेवायचा विषयच कधी निघाला नाही.

माझ्या व्हिसावरही सोबत माणसं नेता येतात. नवरा किंवा बायको, आणि वीस वर्षांखालची मुलं. मी बिनलग्नाची, एकतीस वर्षांची. माझी जी माणसं आहेत, त्यांच्यासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. याचा दोष मी थायलंडला देत नाही, त्यांनी बोलावलं होतं मला. पण फॉर्म भरताना तो रकाना मी झरकन ओलांडला होता. बाबांचा प्लास्टरमधला हात पाहिल्यावर तो पुन्हा आठवला.

आता खरी अडचण सांगते. माझे दोन मामेभाऊ पुण्याला आहेत, एक मैत्रीण टोरंटोला. त्यांना कोणी 'का गेलात' असं विचारत नाही. नोकरी तिथे आहे, विषय संपला. माझी नोकरी कुठेच नाही. ती चियांग माईत जेवढी चालते तेवढीच नागपुरात, आमच्या मनीषनगरच्या मागच्या खोलीतही चालते. थायलंड आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे, म्हणजे वेळेचंही कारण नाही. मला कोणी पाठवलं नव्हतं. बाबांच्या हातात बदलीची ऑर्डर असायची. मी माझी बदली स्वतःच काढली.

का काढली? स्वस्त आहे, निसर्ग सुंदर आहे, हे मी लोकांना सांगते. ते खरंही आहे. पण घरून काम केलेली तीन वर्षं मला आठवतात. 'घरीच तर असतेस' म्हणून गॅसच्या सिलिंडरपासून आत्याच्या बँकेपर्यंत सगळं माझ्याकडे. मीटिंग चालू असताना दार ढकलून आत आलेली काकू, तिच्या फोनमध्ये मुलाचा फोटो. चियांग माईत मला कोणी ओळखत नव्हतं. सकाळी खंदकाच्या कडेने चालायचं, कोपऱ्यावर खाओ सोई खायचं. नारळाच्या दुधाचा लाल रस्सा, त्यात नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तर्री-पोहे आठवले. तिखट रश्श्यावर कुरकुरीत काहीतरी हवंच, हे त्या लोकांनाही कळलेलं आहे. मी तिथे सुखात होते. हे लिहायला मला बाबांच्या पडण्याइतकंच जड जातं.

आणि लपवणारे फक्त तेच नव्हते. २८ मार्चला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. माझी सहाव्या मजल्यावरची खोली बोटीसारखी हलली. ती रात्र मी इमारतीच्या पार्किंगमध्ये चटई टाकून काढली. बँकॉकमध्ये पडलेल्या इमारतीची बातमी बघून आईचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "अगं, ते सातशे किलोमीटर लांब. इथे पंखा थोडा हलला फक्त." तिने छताचा पंखा दाखवून माझ्यापासून हात लपवला, मी पंख्याचंच नाव घेऊन तिच्यापासून भूकंप लपवला. काळजी नको म्हणून आपण एकमेकांना इतकं सांभाळतो की शेवटी फोनवर बोलायला 'जेवलीस का' एवढंच उरतं.

त्या एप्रिलमध्ये मी आले. बाबा विमानतळावर डावा हात हलवत उभे. घरी येऊन मी भूकंपाचं सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता असं करू. काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं. तूही आणि आम्हीही."

तेवढा एक करार झाला. बाकी काही सुटलं नाही. मी चियांग माई सोडलेलं नाही, पण वर्ष वाटून घेतलंय. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे जंगलं-शेतं जाळल्याचा धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात. म्हणून यंदा फेब्रुवारी संपायच्या आत मी नागपूरला आले. लोक उन्हाळ्यात नागपूर सोडतात, मी उन्हाळ्यासाठी नागपूरला येते. कालनिर्णयवर बाबा माझ्या दिवसांचा हिशेब ठेवतात. तिकडे एका वर्षात १८० दिवस झाले की तिथला कर, इकडे आर्थिक वर्षात १८२ दिवस झाले की इथे रहिवासी. "कराच्या भानगडीसाठी बघतोय," ते म्हणतात. पण मी आले त्या तारखेभोवती त्यांनी काढलेला गोल लाल पेनाचा आहे, आणि कराचं सगळं ते निळ्याने लिहितात.

खसच्या नव्या ताट्या मी बसवल्या. रात्री काम संपलं की पाइप लावून टाकी भरते. बाबा खाली उभे राहून स्टूल धरतात आणि सूचना देतात. मनगट बरं झालंय, पण बादली उचलली की दुखतं. हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

परवा त्यांनी विचारलं, "यंदा कधी निघून राहिली?"

मी म्हटलं, "बघते. जुलैमध्ये."

आई आतून म्हणाली, "कूलर धुऊन, वाळवून, वर ठेवून जा. त्यांना स्टुलावर चढू देणार नाही मी."