शंभर कशाचे?

शेकडेवारीचा पाठ पाठ्यपुस्तकांत सवलत आणि नफा-तोटा यांच्या उदाहरणांनी येतो. आमचे विद्यार्थी ती अचूक सोडवितात, गुणही मिळवितात. परंतु येथून बाहेर पडलेली मुले-मुली प्राध्यापकपदासाठी अर्ज करू लागली, तेव्हा त्यांची गाठ निराळ्याच शेकडेवारीशी पडली.

केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींसाठी 15 टक्के पदे राखीव असतात. 100 ला 15 ने भागल्यास 6.67 येते, म्हणून बिंदुनामावलीत त्यांचे पहिले पद सातव्या बिंदूवर येते. अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के, म्हणून चौदाव्यावर. पूर्वी ही मोजणी संपूर्ण विद्यापीठ एक घटक धरून होत असे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च 2018 मध्ये प्रत्येक विभाग हा घटक ठरविला. टक्के तेच राहिले. पण सहा पदांच्या विभागात सातवा बिंदू येणार कोठून? असे दहा विभाग घ्या. साठ पदे एकत्र मोजली तर 15 टक्क्यांनी नऊ. वेगवेगळी मोजली तर पहिल्या फेरीत एकही नाही. पुढे कोणी निवृत्त होईल तेव्हा पाळी यायची, तोवर उमेदवाराचे वय थांबत नाही. देशभर आंदोलने झाली, 7 मार्च 2019 रोजी अध्यादेश निघाला, त्याच वर्षी कायदा झाला आणि संपूर्ण संस्था हाच पुन्हा घटक ठरला.

घटक कोणता धरावा हा प्रश्न गणिताचा नव्हे, राजकारणाचा, असे काही सहकारी म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. भागाकार यंत्रही करते. छेद कोणी निवडला, हे विचारण्याची सवय मात्र वर्गातच लागते. बाबासाहेबांचा रुपयाविषयीचा ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची प्रतिमा प्रत्येक वर्गात असते, परंतु ते आकड्यांचे व्यासंगी होते, हे गणिताच्या तासाला क्वचितच सांगितले जाते.

म्हणून नववीत आम्ही आता घरातील कर्जाचे गणित घालतो. 12,000 रुपये, सरळ 12 टक्के, 1,120 रुपयांचे बारा हप्ते. सहा महिन्यांत निम्मे मुद्दल फिटते, व्याज मात्र पूर्ण 12,000 वरच चालू राहते. घटत्या मुद्दलावर मोजल्यास हाच दर 21 टक्क्यांवर जातो. गेल्या पालकमेळाव्यास काही माता आपापली हप्त्यांची कार्डे घेऊन आल्या आणि मुलींनी त्यांचा हिशेब फळ्यावर मांडला. एका कार्डावर दर छापलेलाच नव्हता. तो हप्त्यांवरून उलट काढावा लागला, आणि त्यात पुढचा तासही गेला.