बोलक्या लेकीबरोबर भंडारदऱ्याला

चिंचपोकळीला फास्ट लोकल थांबत नाही. त्यामुळे लांब कुठे निघायचं म्हटलं की आम्ही आधी उलटे जातो. कसारा गाठायचं म्हणून पहाटे स्लो पकडून भायखळ्याला उतरलो आणि तिथून कसाऱ्याच्या गाडीत शिरलो. भायखळ्याला नशीब असेल तर चौथी सीट तरी मिळते, दादरला चढणाऱ्याने लोंबकळायचं. ती चौथी सीट मिळाली खरी, पण आमची सात वर्षांची मनू तिच्यावर बसली फार तर कुर्ल्यापर्यंत. ठाण्याच्या आत तिने समोरच्या आजींची पोतडी उघडायला लावली होती, आणि कल्याणला आजी उतरल्या तेव्हा हिच्या हातात बेसनाचा लाडू होता. चाळीत वाढलेलं पोर. कुणाच्याही उघड्या दारातून आत जायची सवय, त्यामुळे परकं माणूस ही भानगडच तिला ठाऊक नाही.

तंबूत राहायला जायचं हे नवऱ्याच्या डोक्यातलं खूळ. ‘शांतता मिळेल,’ म्हणाला. मनूला बरोबर घेऊन शांतता! मी काही बोलले नाही. मेअखेर ते जूनचे पहिले दिवस, पावसाआधीचा हा एवढाच काळ भंडारदऱ्याला काजवे दिसतात, आणि ते मला बघायचे होते.

कसारा स्टेशनबाहेर पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बायका बसल्या होत्या. मनूची बोटं घाट चढायच्या आधीच जांभळी झाली. पुढे घोटीपर्यंत एक जीप, घोटीहून शेंडीला दुसरी. दुसऱ्या जीपमध्ये बाईसाहेब ड्रायव्हरच्या शेजारी. बारीजवळ त्याने कळसूबाई दाखवलं, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. ‘वर कोण राहतं?’ ‘कळसूबाई.’ ‘एकटीच?’ त्यावर तो माणूस जो हसला तो शेंडीपर्यंत.

धरणाचं पाणी दिसलं तेव्हा बाबाने आर्थर लेक हे नाव सांगितलं. आता आमच्या घरापासून आर्थर रोड आणि त्यावरचा तुरुंग चालण्याच्या अंतरावर. मनूने लगेच ड्रायव्हरला विचारलं, ‘आमच्या आर्थर रोडचाच आर्थर का?’ तो म्हणाला, ‘ते आम्हाला नाही ठावं, तायडे. आमच्याकरता हे पाणी राघोजीचं.’ राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे. सावकार आणि कंपनी सरकार दोघांविरुद्ध त्यांनी बंड केलं. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. जलाशयाला आता त्यांचं नाव आहे. ‘ठाणे? सकाळी आपण तिथूनच आलो ना!’ मनू म्हणाली आणि बराच वेळ मागे वळून रस्त्याकडे बघत राहिली, जणू ठाणे अजून दिसेल.

प्रवरेवरचं हे दगडी धरण 1910 मध्ये बांधायला घेतलं, 1926 मध्ये पुरं झालं. उंची 82 मीटरच्या आसपास. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन, म्हणून विल्सन डॅम. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी इतकं खाली गेलेलं असतं की काठावरची माती भेगाळून तिच्या खपल्या झालेल्या. आमचा तंबू अशाच एका उतारावर, पाण्यापासून जरा वर, गावातल्याच एका कुटुंबाने लावलेला. खुंट्या ठोकायला मनूने मदत केली, म्हणजे दगड पायावर पडता पडता राहिला.

ती तंबूत थांबेना. थोड्या वेळाने शोधत गेले तर त्या घरच्या मावशींच्या चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणीत जीव ओतत होती. डोळ्यांतून पाणी, नाकावर राख. मावशी काठवटीत नागलीचं पीठ मळत होत्या. त्यांनी गोळा हातावर घेतला, पाण्याचा हात लावत थापला, बघता बघता तो ताटाएवढा झाला आणि अलगद तव्यावर गेला. मनूने थापलेली भाकरी मात्र गुजरातच्या नकाशासारखी निघाली. मावशींनी तीही भाजली. मग मनूने विचारलं, ‘मावशी, तुमच्याकडे गॅस नाही?’ मी चपापले. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘आहे की. पाहुण्यांना चुलीवरचंच लागतं ना.’ त्यानंतर पिठलं-भाकरी खाताना ‘काय चव आहे’ असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चव होती मात्र.

मावशींबरोबर ती कळशी घेऊन विहिरीवरही जाऊन आली. धरण डोळ्यांसमोर, त्याचं पाणी खाली संगमनेर-श्रीरामपूरकडच्या उसाला, आणि उन्हाळ्यात इथल्या बायांच्या डोक्यावर हंडे. हे मला एखाद्या फलकावर वाचायला मिळालं नसतं. मनूच्या मागे मागे गेले म्हणून दिसलं.

अंधार पडल्यावर मावशींच्या मुलाने आम्हाला घाटघरच्या रस्त्याने नेलं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला, 1986 पासूनचा. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडं. आधी एक ठिपका, मग चार, मग एका सादड्याचं अख्खं झाड उजळलं आणि विझलं. पुन्हा उजळलं, विझलं. शेजारचं झाडही त्याच तालात. ‘लायटिंग!’ मनू ओरडली. आमच्या चिंचपोकळीच्या गणपतीच्या, चिंतामणीच्या मंडपाबाहेर वाढलेलं पोर दुसरं काय म्हणणार? आणि लगेच, ‘दादा, स्विच कुणाकडे आहे?’

तो म्हणाला, ‘स्विच नाही. एक चमकला की शेजारचा त्याला बघून चमकतो.’ मला तरी एवढं सोपं उत्तर सुचलं नसतं. चमकणारे बहुतेक नर. मादी झाडोऱ्यात बसून उजेडानेच जबाब देते आणि त्यावरून नर तिला शोधतो. या उजेडात उष्णता जवळपास नसतेच. अळीपणी ते महिनोन् महिने ओल्या मातीत असतात, गोगलगाई खातात. पंख फुटल्यावर हाताशी उरतात दोन-तीन आठवडे, तेवढ्यात जोडीदार मिळाला तर पुढची पिढी.

आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आपण गाड्या घेऊन तिथे जातो. आम्ही उभे असताना मागून एक गाडी आली, हेडलाइट फुल. झाडावरची लय तुटली. गाडीतल्या चौघांनी मोबाइलचे फ्लॅश मारले. फोटोत काजवा फ्लॅशने येत नाही, काळं झाड येतं. मनू काच खाली करायला लावून म्हणाली, ‘काका, लाइट बंद करा ना, त्यांना एकमेकांचं दिसत नाही.’ काकांनी केले, हे त्यांचं मोठेपण. मी सांगितलं असतं तर वाद झाला असता.

परत आलो तर तळाच्या तंबूंपाशी स्पीकर लागलेला. ही त्यांच्यात जाऊन नाचून आली. मला थोडी लाज वाटली, तिला बिलकुल नाही. मध्यरात्री वळवाची सर आली, तंबूची एक बाजू आत झुकली, नवऱ्याच्या शांततेचा तेवढा एक तुकडा भिजला. सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो. शिलाहारकाळातलं मानतात, खांबांवरचं कोरीवकाम अजून रेखीव आहे. पण मनूला देवळापेक्षा पुष्करणीतल्या बेडकांत रस.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. तेव्हा त्या रस्त्यावर काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त असतात. वाहन गावातच ठेवा, स्थानिक माणसाबरोबर पायी जा, बॅटरी लागलीच तर तिला लाल कागद लावा, आणि बाटलीत काजवे भरून आणायचा हट्ट कुणाचाही पुरवू नका. मुक्काम गावातल्या घरी करा, पैसे तिथेच राहतात. मूल बडबडं असेल तर जीपमध्ये त्याला ड्रायव्हरच्या शेजारी बसवा.