यवतमाळच्या रानांतील काठी

डोंगर म्हटला कीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस सह्याद्रि आठवतो. यवतमाळकडे कोणी डोंगर हिंडावयास जात असेल, हें सहसा मनांत येत नाहीं. परंतु कापसाचीं काळीं शेतें संपलीं कीं येथें सागाचें रान लागतें, माळ उंचावत जातो आणि मुरमाड उतारांवरून नाले खालीं धांवतात. या रानांत पायीं फिरावयाचें तर हातांत एक काठी अवश्य असूं द्यावी.

हल्लीं बाजारांत लांबी कमीजास्त करतां येणाऱ्या हलक्या धातूच्या काठ्या मिळतात व तरुण मंडळी त्या जोडीनें वापरतात. तत्त्व मात्र जुनेंच आहे. उतरतांना देहाचा भार गुडघ्यांवर आदळतो. काठी पुढें टेकली म्हणजे त्यांतील कांहीं भार हात व खांदे उचलतात. सपाटीवर कोंपर काटकोनांत राहील एवढी तिची उंची असावी. चढणीस ती आंखूड धरावी, उतरणीस लांब. भरीव बांबूच्या काठीस खालीं लोखंडी शेंबी बसविली, तर तीही हें काम उत्तम करते. गवत चाळवून पाहणें व नाल्याच्या पाण्याचा ठाव घेणें, हीं कामेंही तिचींच.

आपणांस जी हौस, ती येथील कोलामांच्या पोडांवर व गुराख्यांच्या हातीं नित्याची सोबत आहे. शिकारीच्या काळींही रानांत पायीं चालणारा हाच माणूस होता. हाक्याच्या शिकारींत बंदुकवाला मचाणावर बसे. काठीनें झुडपें बडवीत जनावर उठवी तो गरीब हाकारी, आणि जखमी वाघ उलटला तर गांठ त्याचीच पडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार बंद झाली. धोका मात्र चालणाऱ्याच्याच वांट्यास राहिला.

पांढरकवडा–राळेगांव भागांत ‘अवनी’ नांवाच्या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. बळी पडलेले बहुतेक शेतांत राबणारे व गुरें चारणारे होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती गोळीनें मारली गेली. मागें तिचे दोन बछडे राहिले. शहरांत निषेध झाला, गांवांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. आम्हांस दोन्ही भावना खऱ्या वाटतात.

कारण वाघालाही चालावें लागतेंच. टिपेश्वर अभयारण्याचें क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर. तेथें जन्मलेला, गळ्यांत रेडिओ-पट्टा असलेला एक तरुण वाघ २०१९ सालीं बाहेर पडला आणि शेतें व रस्ते ओलांडीत, तेराशें किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. मनुष्याची व वाघाची वाट अशी एकच होते.

तेव्हां काठीस शस्त्र समजूं नये. अभयारण्य वाहनांतूनच पाहावें; बाहेरील रानांत वनरक्षकास विचारून, गांवचा माणूस बरोबर घेऊन जावें व दिवस मावळण्यापूर्वीं परतावें. आपणांस न जाण्याची मोकळीक आहे, गुराख्यास ती नाहीं. त्याच्या चुलीचें सरपण व गुरांचा चारा घराजवळ मिळूं लागेल, तेव्हांच त्याच्या काठीवरचा भार खरोखर हलका होईल.