आधारची प्रिंट आणि कलम 17

मुलीच्या प्रवेशासाठी आम्ही पारोळ्याच्या बाजारात एका दुकानात आधारची प्रिंट काढली. दुकानदाराने आधार व्हॉट्सअॅपवर मागवले, प्रिंट दिली, पैसे घेतले. फाइल त्याच्या कॉम्प्युटरवरच राहिली. ‘‘चाचा, ती पुसून टाका ना,’’ मुलगी म्हणाली. ‘‘बेटा, दिवसभर अशाच येतात. पुसत कोण बसणार?’’ असे म्हणून ते हसले. आम्हीही हसलो.

पुढे मुलीने संचार साथीवर पाहिले, तर आमच्या नावावर एक अनोळखी नंबर चालू होता. कागद त्याच दुकानातून गेला असे नाही. आधारची झेरॉक्स आम्ही कुठे कुठे दिली याचा हिशेब आमच्याकडेच नाही. पण त्या रात्री घरात कोणाला झोप लागली नाही. उद्या त्या नंबरावरून कोणी काही वेडेवाकडे केले, तर चौकशी आमच्याच दारात येणार.

ही भीती उगाच नाही. मालेगाव इथून फार दूर नाही. 2006च्या शब-ए-बरातला तिथे स्फोट झाले. मेले ते आपलेच, आणि पकडली गेली तीही आपलीच मुले. विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते 2016 साली. म्हणून सुरक्षा यंत्रणा नकोत असे आम्ही कधी म्हणणार नाही. त्या हव्यात, पण त्यांची चूक कोणाला दाखवता आली पाहिजे.

2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुलीनेच आम्हाला वाचून दाखवला. माहिती कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, काम झाले की पुसा. नियम नोव्हेंबर 2025मध्ये निघाले आणि बहुतेक तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे आमची माहिती ही घेणाऱ्याकडे अमानत आहे, हे आता सरकारही म्हणते. वाचून बरे वाटले. मग कलम 17 आले. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या सरकारी यंत्रणेला या कायद्यातून पूर्ण वगळू शकते. गुन्ह्यांच्या तपासाला वेगळी सवलत आहेच.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण हे नाव आपल्या घरांत नवे नाही. 1992-93च्या मुंबई दंगलीची चौकशी त्यांनीच केली होती. या कायद्याचा पहिला मसुदाही त्यांच्याच समितीने 2018मध्ये दिला. सुरक्षेसाठी सवलत त्यातही होती, पण अटींसह: संसदेने केलेला कायदा हवा, त्यातली पद्धत पाळायला हवी, आणि माहिती गरजेपुरतीच घ्यायला हवी. 2019च्या विधेयकात या अटी सैल झाल्या, तेव्हा त्यांनी उघड टीका केली. 2023च्या कायद्यातही त्या परत आल्या नाहीत.

सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीत दुसऱ्याची टोह घेण्यास मनाई आहे. राज्य चालवणाऱ्यांना ती जशीच्या तशी लावता येणार नाही, हे आम्हाला कळते. शत्रूची खबर ठेवावीच लागते. पण शत्रू कोण हे ठरवणाऱ्यावर कोणाची तरी नजर नको का? दुकानदार चुकला तर उद्या डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार नेता येईल. वगळलेल्या यंत्रणेबद्दल ते दार बंद. कोर्ट उरते, पण आपली माहिती घेतली हे कळले तर कोर्टात जाणार ना!

आता आम्ही फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे आधार देतो, आणि फाइल पुसेपर्यंत मुलगी दुकानातून हलत नाही. चाचा कुरकुरतात, पण पुसतात. तो अनोळखी नंबर आम्ही संचार साथीवर कळवला आणि बंद झाला. तो कोणाच्या हातात होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.