वृत्तनिवेदकाचा वारस

घराला वारस असतो, जमिनीला असतो, गायकीलाही असतो. वृत्तनिवेदकाला असतो काय? जून २०२२ मध्ये प्रदीप भिडे गेले तेव्हा हा प्रश्न मनात आला, तो अजून गेलेला नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. बातम्या वाचणाऱ्यांत विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे होते. पुढे भिड्यांचा आवाज तर घरोघरचा झाला. यांतली बरीच मंडळी साहित्याशी वा रंगभूमीशी जोडलेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. वाक्य कुठे थांबते, क्रियापदावर किती भार द्यावा, याचे भान त्यांच्या वाचनात होते. बेंबळीसारख्या गावात प्रमाण मराठी आम्ही पुस्तकातून वाचली खरी, पण ऐकली ती त्यांच्याकडून.

मात्र त्या बातम्यांत आम्ही क्वचितच असू. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूर ही आमच्या शेजारची नावे मुंबईच्या तोंडी आली. एरवी दुष्काळ पडल्याशिवाय आमचा भाग कुणाला आठवत नसे.

ही उणीव काही काळ जिल्ह्याच्या गावच्या केबलवाल्यांनी भरून काढली. स्वतःच्या कंट्रोल रूममधून ते अर्ध्या तासाचे स्थानिक वार्तापत्र दाखवत. कापडी पडदा, एक कॅमेरा, आणि समोर महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा. तो 'नमस्कार' थेट भिड्यांच्या ढंगात म्हणे. 'पानी'चे 'पाणी' करताना त्याची जीभ किंचित अडखळे. पण रुईभर, कनगरा ही नावे तो अशा सहजतेने उच्चारी, की ती सहजता मुंबईच्या कुणालाही साधली नसती. वारसा म्हणतात तो हाच, असे मला आज वाटते. वाचनाची शिस्त मुंबईची होती आणि कान इथला होता.

तो वारसा रुजण्याआधीच जागा गेली. २०११ च्या कायदादुरुस्तीने केबलचे डिजिटायझेशन सक्तीचे झाले. ग्रामीण भागासाठीची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. सांकेतिक प्रक्षेपण दूरच्या मोठ्या केंद्रातून येऊ लागल्यावर गावच्या केबलवाल्याला मध्येच आपली वाहिनी घालणे सोपे राहिले नाही. त्या केंद्रात जागा मिळवायची तर पैसे मोजावे लागत. इकडे दूरदर्शननेही आपले बहुतेक जुने भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. सह्याद्री वाहिनीवर बातम्या आजही असतात, पण २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि ठरलेल्या वेळी सारे गाव एकच आवाज ऐकते, ही स्थिती संपली.

आता मोबाईलवर गावोगावचे वार्ताहर आहेत, आणि त्यांची बोली लपलेली नसते, याचा मला आनंदच आहे. आमची नावे आता रोज ऐकू येतात. पण एकाच्या बोलण्यातून दुसरा शिकेल, त्याच्या चुका कुणी जाणता दुरुस्त करील, अशी सोय तिथे नाही. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो आणि थकला की थांबतो.

भाषेच्या अध्यापकांनी यात लक्ष घालावे असे मला वाटते. उत्तम वाचणारा विद्यार्थी आजही वर्गात सापडतो. त्याने कुणासाठी वाचावे, याचे उत्तर मात्र आपल्याकडे नाही. ऐकणारे एकत्र बसत होते तोवर आवाजाला वारस मिळत होता.