घसारा वजा जाता

तारण म्हणून आलेल्या वस्तूकडे आधी संशयाने पाहायचं, एवढं एक मी बँकेच्या वीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. त्यामुळे कै. अण्णांचा रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करायचं निघालं, तेव्हा बी.कॉम.ला स्मरून मी प्रथम घसारा काढला. खरेदी १९७४ची. स्थिर हप्ता पद्धतीने किंमत केव्हाच शून्य. सौ.चा आकडा त्याच्याही खाली होता. तिच्या मते माळ्यावरची जागा अडवल्याबद्दल त्या यंत्राकडूनच भाडं येणं होतं.

तो घेऊन तपकीर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे गेलो. उत्साहाने प्लग लावायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातावर चापटीच मारली.

"झोपलेल्या म्हाताऱ्याला उठल्या उठल्या पळवता का हो? वायर तडकलीय, दिसत नाही?"

त्यांनी थाळी हाताने फिरवली, उचलून बाजूला ठेवली आणि आत नाक खुपसून चक्क वास घेतला. आमचा दागिने पारखणारा सराफसुद्धा वास घेत नाही. "मोटर जळलेली नाही," निकाल लागला. तेलाचा मात्र डिंक झाला होता. मोटरच्या दांड्याला टेकून थाळी फिरवणारं रबरी चाक कडक झालं होतं आणि वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यामुळे एका बाजूने चपटं. एकाच खुर्चीत वीस वर्षं बसून माझंही तेच झालं असल्याने मी विषय वाढवला नाही.

मग त्यांनी डिंक पुसला, तात्पुरती वायर जोडली आणि थाळीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली. "एलपीचे मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. मोजा!"

नोटा मोजण्यात जन्म गेलेला माणूस मी. दोनदा मोजले. दोन्ही वेळा ९४.

"म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये वाजणार," काका म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी मला वाटायचं, रेडिओवाल्यांना कसली तरी घाई असते. आमच्याकडे तीच गाणी कशी सावकाश, जेवून पान खाल्ल्यासारखी वाजायची!

शेवटी पिनेच्या डोक्यावर पट्टीने चिकटवलेलं चौकोनी पाच पैशांचं नाणं निघालं. पिन उड्या मारू लागली की अण्णांचा हा उपाय. "असल्या वजनानेच लोकांनी रेकॉर्डी खरवडल्या," म्हणत काकांनी ते उपटून माझ्या हातावर ठेवलं. ३० जून २०११पासून हे नाणं चलनातून बाद आहे. काउंटरवर कुणी दिलं तर मी तोंड वर न करता परत करतो. इथे मात्र मूठ मिटली गेली.

घरी आईला विचारलं, "वेग नीट करून घेऊ ना? गाणी अण्णांच्या वेळेसारखी नाही वाजायची."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कर नीट. ह्यांना नव्हती घाई, पण गाणाऱ्यांचा काय दोष? नाणं तेवढं माझ्याकडे दे."

नाणं आता तिच्या कुंकवाच्या डबीत आहे.

रात्री मी सौ.ला सांगितलं, की घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने घसारा काढला, तर किंमत दरवर्षी उतरते, पण शून्य कधीच होत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"मग परत माळ्यावर कशाला? बाहेरच्या खोलीत ठेवा."