क्यूच्या मागे यू नसलेले शब्द

आमच्या पिढीतल्या मराठी माध्यमवाल्यांच्या कानावर इंग्रजी फार उशिरा पडलं. त्याआधी ते पाठ झालं होतं. "एन-आय-जी-एच-टी नाइट" असं पाढ्यांसारखं ठेक्यात. मधे जी आणि एच कशाला बसलेत, हे विचारायची सोय नव्हती. पुढे मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. इंग्रजी बोलायची वेळ आली की शेजारच्या वर्गावरच्या बाईंना पुढे करायचे. असो.

तर ती घोकंपट्टी आता सत्तरी ओलांडल्यावर कामी येतेय. नात कॅलिफोर्नियात, अकरा वर्षांची. तिचं मराठी "आजी, जेवलीस का?" इथे संपतं आणि माझं इंग्रजी त्याच्याही अलीकडे. मुलगा मधे दुभाषी. तो पाणी प्यायला उठला की आम्ही दोघी पडद्यावर एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो. दोन वर्षांपूर्वी त्याने दोघींच्या मोबाइलवर स्क्रॅबल घालून दिलं. तेव्हापासून हसणं कमी आणि भांडणं जास्त आहेत, आणि मला ते फार बरं वाटतं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात सात अक्षरं येतात, त्यांचे शब्द करून पटावर एकमेकांत गुंफायचे. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम नसलेल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुरचनाकाराने हा खेळ काढला. कुठलं अक्षर किती वेळा लागतं, हे त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन मोजलं. म्हणून १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, क्यू एकच. ई चा गुण एक, क्यू चे दहा. ठाण्याच्या वन्सं म्हणतात की हा नशिबाचा खेळ आहे. त्यांनी एकदा हातात क्यू घेऊन बसून बघावं.

आता खरी गंमत. "मधे अमुक अक्षर असलेला शब्द" आठवायला लागलो की डोक्यातला शब्दकोश उपयोगी पडत नाही, कारण तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो. नात कानाने शोधते. जे ऐकू येत नाही ते तिला सुचत नाही. हातात के आणि एन असताना तिला "नी", म्हणजे गुडघा, दिसलाच नाही. मला तो लगेच दिसला (दुखतोही आहेच). पी-एस-ए-एल-एम हा शब्द मी उभ्या आयुष्यात कधी उच्चारलेला नाही, पण स्पेलिंग पाठ. उच्चाराचं ओझं नसलं की अक्षरं मोकळी दिसतात.

शिवाय अक्षरांच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात, हे खेळता खेळता कळलं. अस्सल इंग्रजी शब्द व्ही वर संपायला तयार नसतो, म्हणून हॅव, गिव्ह, लव्ह या सगळ्यांच्या मागे तो मुका ई. जे चंही तसंच, म्हणून "ब्रिज"च्या शेवटी डी-जी-ई. साठ वर्षं ज्या मुक्या ई ला शिव्या घातल्या, तो व्ही ला टेकू द्यायला उभा आहे होय!

मग जे वर संपणारे शब्द कुठले? राज. ताज. हज. आणि चक्क स्वराज! हे सगळे तिथल्या यादीत आहेत. मी "राज"च्या डावीकडे एस-डब्ल्यू-ए लावलं तेव्हा नात ओरडली, "आजी, दॅट्स नॉट अ वर्ड!" मोबाइलने मुकाट्याने गुण दिले. मग तिला स्वराज म्हणजे काय ते सांगावं लागलं. माझ्या इंग्रजीत, हातवारे करत, वीस मिनिटं. मुलगा घरात नव्हता.

क्यूची तऱ्हा अशीच. त्याच्या मागे यू हवाच, हे आम्ही वर्गात ठणकावून शिकलो. पण यू नसेल तर फकीर आहे, काझी आहे, तलाक आहे, सगळे क्यू लावून. अरबीतून आलेले हे पाहुणे आपल्याकडे शतकानुशतकं राहताहेत. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे मी पोरांना दरवर्षी शिकवायचे. त्यातून निसटलेले मला दहा दहा गुण देऊन जातात.

अक्षरं टाकली की शब्दांची यादी काढून देणारी संकेतस्थळंही आहेत म्हणे. मुलाने दाखवलं एक. डाव संपल्यावर कुठला शब्द हुकला ते बघायला ठीक आहे. डाव चालू असताना ते उघडणं म्हणजे शेजारणीच्या डब्यातली भाजी आपली म्हणून वाढणं. नातीशी तसा करार झालाय आणि ती तो पाळते. मला वाटतं पाळते.

गेल्या महिन्यात तिने "गूस" लावला, म्हणजे हंसासारखा तो पक्षी. माझ्याकडे एम, ओ, एन होते. मी ते आधी जोडले. मंगूस. गुण अकराच, पण तिचा हंस मी गिळला होता! तिने रागाने अर्थ शोधला, तर कोशात लिहिलेलं, हा शब्द मूळचा मराठी.

"इट्स युवर वर्ड?" ती म्हणाली.

"मुंगूस," मी म्हटलं. "आपला."

मग तिने विचारलं, गूसचं अनेकवचन गीस, तर मंगूसचं मंगीस का? इंग्रजीत नाही, मंगूसेस. आणि मराठीत?

"मुंगसं."

तिने चार वेळा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी अनुस्वार नीट आला.